आजेसासऱ्यांची झूल

माझ्या सासरच्या गावात एक सांड होता आणि त्याला सगळे अहो-जाहो करायचे. "ते आज दिसले नाहीत." "त्याईनं कोनाच्या कडब्याले तोंड लावलं?" नवी नवरी म्हणून आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, घरात आणखी एक वडीलधारं माणूस आहे आणि माझी त्यांची अजून गाठ पडलेली नाही. मग एका सकाळी मामाजी, म्हणजे माझे सासरे, अंगणात हात जोडून उभे दिसले. मी घाईघाईने पदर पुढे ओढला आणि नमस्काराला वाकले. वर बघितलं तर पांढरा धिप्पाड सांड, मांडीवर त्रिशुळाचा डाग, आणि तोंडात आमच्याच परसातला दोडक्याचा वेल.

आजेसासरे वारले तेव्हा त्यांच्या तेराव्याला एक गोऱ्हा डागून त्यांच्या नावाने सोडला होता. पद्धत जुनीच. असा सोडलेला सांड कोणाचाच नसतो आणि सगळ्यांचा असतो. त्याला बांधायचं नाही, मारायचं नाही, औताला जुंपायचं नाही. तो खाईल ते देणाऱ्याचं पुण्य, आणि गावातल्या गायी फळवायच्या हे त्याचं काम. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण आमच्या घरात गोष्ट फार पुढे गेली होती. मामाजींच्या लेखी तो सांड म्हणजे त्यांचे वडीलच होते. आणि आमचं घर गावात मोठं, विहीर आमची, त्यामुळे मामाजींच्या लेखी जे असेल ते गावाच्याही लेखी असायचं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता त्या काळातली ही गोष्ट. माझं माहेर घाटावर, देऊळघाटाच्या बाजूला. सासर घाटाखाली, काळ्या रानात. लग्नात वडिलांनी मला आंदण म्हणून एक कालवड दिली. तिची आई ती आठवडाभराची असतानाच मेली, तेव्हापासून मीच तिला बोटावर दूध चाटवून वाढवलं होतं. वऱ्हाडाच्या बैलगाडीमागे ती घाट उतरून आली. वाटेत ती जिथे जिथे थांबली तिथे मला खाली उतरून तिच्या मानेवर हात ठेवावा लागला. नवरी सारखी गाडीतून उतरते म्हणून वऱ्हाडी मंडळी हसत होती. हसू द्या म्हटलं.

ज्येष्ठ लागायच्या आधीच ती फळण्याजोगी झाली. मामाजींनी जेवता जेवता फर्मान सोडलं. ते मला थेट काही सांगत नसत, भिंतीला सांगत. भिंतीच्या आड मी असे.

"खुंट्यावर बिनकामाचं जनावर पोसनार नाही मी. पोळ्यापर्यंत गाभन राह्यली त ठीक. नाही त बाजार."

आमचे हे म्हणाले, "हाव." यांचं आयुष्य या एका शब्दावर निभावलं. मी काही म्हटलं तरी हाव, मामाजींनी त्याच्या उलट म्हटलं तरी हाव.

आता घाटाखालचं ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला काय सांगायचं! आमच्या घाटावरही ऊन असतंच, पण ते संध्याकाळी आपल्या घरी जातं. इथलं ऊन रात्रीही मुक्कामाला असायचं. आणि त्या वर्षी तर कहर झाला होता. रानात वासराचा पाय अडकेल एवढ्या भेगा पडल्या होत्या. अंगणात राहिलेला तांब्या दुपारी हातात धरवत नव्हता. माझी कालवड दिवसभर जीभ बाहेर काढून उभी असायची. पाणी प्यायची, पण चाऱ्याला तोंड लावायची नाही. गावातली सगळी ढोरं जिथे वीतभर सावली असेल तिथे एकमेकांना ढकलत उभी राहायची. फक्त सांड उन्हात फिरायचा. त्याला बांधायचं नाही म्हणजे सावलीतही बांधायचं नाही. आणि सावलीत दुसऱ्या गाईम्हशी असल्या की त्यांचे मालक त्यांना हुसकून "या, बसा" म्हणायचे, तोवर हा पुढे निघून गेलेला असायचा.

आजेसासरे ज्येष्ठात गेले होते, भर दुपारी. म्हणून दरवर्षी त्या तिथीला, त्याच वेळेला, सांडाची मिरवणूक निघायची. दुपारी म्हणजे दुपारीच. सकाळी काढली तर वडिलांची वेळ चुकते. सांडाच्या अंगाला तेल चोळायचं, शिंगांना शेंदूर लावायचा, पुरणाच्या पोळ्या चारायच्या, आणि वर झूल घालायची. ही झूल मी पहिल्यांदा पेटीतून उचलली तेव्हा माझ्या हाताला रग लागली. बाहेरून लाल मखमल, आतून दुहेरी घोंगडी, कडेने आरसे आणि गोंडे.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, झूल तरी नोका घालू. जीव घाबरा होईन त्याचा."

"त्याचा नाही, त्याईचा म्हन," आत्याबाई म्हणाल्या. "अन् चूप राह्य. तुले इथलं काही समजत नाही."

डफडं वाजायला लागलं. घरापासून मारुती, मारुतीपासून वेस, वेशीपासून परत घर. वेशीपाशी पोचेपर्यंत सांडाच्या तोंडाला फेस आला होता आणि पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. तिथे तो थरथरला, पुढचे पाय दुमडले आणि बसला.

एखाद्याला वाटेल, आता कोणीतरी झूल काढली असेल, पाणी आणलं असेल. छे! एक म्हातारा ओरडला, "संचार झाला! बुढ्याचा संचार झाला!" झालं. डफड्याचा जोर वाढला. बायांनी हळद-कुंकू वाहिलं. कोणी त्याच्या कानात आजेसासऱ्यांना विचारलं की पाऊस कधी येईल. तो बिचारा डोळे पांढरे करून श्वास ओढत होता, आणि गाव उत्तराची वाट बघत होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाय धुवायच्या पाण्याची घागर माझ्याच कमरेवर होती. ती मी त्याच्या डोक्यावर ओतली. शेजारणीच्या हातातली घेतली, तीही ओतली. झुलीचा बंद दातांनी सोडवला आणि झूल बाजूला ओढली. डफडं थांबलं. थोड्या वेळाने सांड उठला, अंग झाडलं आणि चालायला लागला. त्याने काही उत्तर दिलं नाही. पण गावाला बोलायला विषय मिळाला. पुढे कितीतरी दिवस पाणवठ्यावर हेच चालू होतं, की अमक्याच्या सुनेनं भर वेशीत आजेसासऱ्याले आंघोय घातली.

सांड जगला. मला वाटलं, संपलं. ते तर तिथून सुरू झालं.

माजावर आलेली गाय एरवी हंबरते, दावं ओढते, सगळ्या आळीला कळतं. पण उन्हाने पिचलेलं जनावर मुकाट्याने माजावर येतं. पहाटेच्या गारव्यात घटकाभर चुळबुळ करतं आणि ऊन वर आलं की पुन्हा मेल्यासारखं उभं राहतं. मी शेण काढायला पहाटे गोठ्यात जायचे म्हणून मला माझ्या कालवडीचं लक्षात आलं. यांना सांगितलं. हे हाव म्हणाले आणि तिला सांडाला दाखवून आणलं. मी मनात वासराचं नावही ठेवलं. वीसेक दिवसांनी ती पुन्हा तशीच चुळबुळायला लागली. म्हणजे उलटली. फळली नव्हती. पुन्हा दाखवली. पुन्हा उलटली.

"वरची गाय हाय," मामाजी भिंतीला म्हणाले. "घाटावरच्या जनावराले खालचं पानी लागत नाही."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मी आत्याबाईंना तसं म्हटलंही. त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

आमच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. आजूबाजूच्या बाया घागरी घेऊन पाणी साचायची वाट बघत बसायच्या. तिथे एकदा मी चिडून बोलून गेले, की माझी कालवड दोनदा उलटली म्हणून सगळे तिच्या जिवावर उठलेत. शेजारीण हळूच म्हणाली, "आमची बी उलटली, व." तिच्या बाजूची म्हणाली, "आमचीबी." तिसरीने तर गाईच्या गळ्यात काळा दोरा बांधला होता, कोणाची नजर लागली म्हणून. चौथीने मारुतीला नवस बोलला होता. एकेक करता करता निघालं असं, की मिरवणुकीनंतर सांडाला दाखवलेली एकही गाय फळली नव्हती. आणि प्रत्येक घर आपलीच गाय खोटी समजून तोंड दाबून बसलं होतं. कारण सांडाचं काही बिनसलंय असं म्हणायचं म्हणजे आजेसासऱ्यांच्या पुरुषपणावर बोट ठेवायचं, तेही त्यांच्याच विहिरीवर पाणी भरताना!

हसावं की डोकं आपटावं, मला कळेना.

पाऊस लांबला म्हणून ढोरांची टोचणीही लांबली. तालुक्याहून ढोरांचे डॉक्टर आले ते आषाढात. आमच्याच अंगणात टेबल मांडलं होतं. मी चहाचा कप ठेवताना यांच्या बरगडीत कोपर मारलं, आणि यांनी जन्मात पहिल्यांदा आपणहून एक वाक्य विचारलं. डॉक्टरांनी आधी माझी कालवड तपासली. मग सांडाकडे लांबूनच बघत मिरवणुकीची सगळी हकिगत ऐकली.

"गाईत काही खोट नाही," ते म्हणाले. "वळूला ऊन लागलंय. एवढा ताप एकदा डोक्यापर्यंत गेला की दिसायला तो धडधाकट दिसतो, गाईवर उडतोही, पण बी निकामी असतं. दोन-अडीच महिने जाऊ द्या. सावलीत ठेवा, अंगावर पाणी मारा. हवा गार झाली की आपोआप ताळ्यावर येईल. आणि ती झूल जाळून टाका."

मामाजी एवढा वेळ शांतपणे पान लावत होते. ते पान त्यांनी डॉक्टरांना दिलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचं म्हननं ढोराईच्या बाबतीत बरोबर अशीन. हे ढोर नाही."

डॉक्टरांनी पान खाल्लं आणि पुढच्या गावाला गेले. मी असते तर मीही तेच केलं असतं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

त्या दिवशी मला राहवलं नाही. चुलीपुढे बसल्या बसल्या मी आत्याबाईंना म्हटलं, "बरं, ते मानूसच हायेत असं समजा. मानसाले ऊन लागलं त आपन कांदा हुंगवतो, निजवतो. का त्याच्यावर घोंगडी टाकून गावभर फिरवतो?"

आत्याबाई भाकरी थापत होत्या. थापता थापता थांबल्या.

"माह्या सासऱ्याले काय झालं होतं, ठाव हाय तुले?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "वावरातून दुपारी आले. फेटा नव्हता डोक्यावर. गड्यानं म्हटलं, बाबा, झाडाखाली बसा. तर म्हने, मले ऊन काय करते? वसरीत येऊन पडले ते उठलेच नाही." मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाल्या, "कोनाजवळ बोलू नोको. इथं म्हनतात, त्याईले देवानं बलावलं."

म्हणजे या बाईला सगळं माहीत होतं. इतकी वर्षं ती त्याच उन्हात, त्याच वेळेला पुरणाच्या पोळ्या करून देत होती. मला तेव्हा मामाजींपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

अखेर पाऊस पडला. श्रावणात हवा निवली. कालवड चाऱ्याला तोंड लावायला लागली, तिच्या अंगावर तुकतुकी आली, आणि एके दिवशी भर सकाळी ती अशी हंबरली की मामाजींची पूजा थांबली. सांडही आता रानातल्या हिरव्यावर माजला होता. यांनी तिला दाखवून आणलं. मी हात जोडून यांना म्हटलं, "आता एवढा एक महिना. मामाजींना सांगा, एक महिना थांबा. डॉक्टर म्हणाले तसं झालंय."

"हाव," हे म्हणाले.

पोळा झाला. दुसऱ्याच बाजाराला मामाजींनी तिचं दावं सोडलं. बोली ती बोली, पोळ्यापर्यंत गाभण राहिली नाही. दोनदा उलटली, आता तिसऱ्यांदा काय दिवा लावणार? मी पहिल्यांदाच भिंतीच्या बाहेर आले आणि समोर उभी राहून म्हटलं, "मामाजी, ती या खेपेला फळली असन. थोडे दिवस थांबा. मी हात जोडते."

त्यांनी माझ्याकडे न बघता यांना विचारलं, "सूनबाई काय म्हनून राह्यली?"

हे काही बोलले नाहीत. हाव पण म्हणाले नाहीत.

शेजारच्या गावचे एक चाचा शेती करायचे, त्यांनी ती घेतली. बाजाराच्या वाटेवर ती दोनदा थांबली म्हणे. मानेवर हात ठेवायला या वेळी मी नव्हते. मी घरात आडवी पडून रडले, आणि मग उठून स्वयंपाक केला, कारण दुसरं कोण करणार होतं? तिच्या खुंट्याला पुढे शेळी बांधायला लागले. शेळीशी माझं कधी पटलं नाही.

पुढच्या वर्षी अधिक मास आल्यामुळे आजेसासऱ्यांची तिथी लांबली. उन्हाळा चांगला तापलेला असताना, तिथीच्या आधीच, चाचा एका सकाळी अंगणात आले. हातात फडक्याने तोंड बांधलेली चरवी होती.

"सूनबाई, तुमच्या गाईनं कालवड देली," ते म्हणाले. "येकदम आईसारखी. पहिला चीक जिथून गाय आली त्या घरी द्या लागते, म्हनून आनला. कपाळाची फार चांगली हाय तुमची गाय. अल्लाची मेहरबानी."

मी मनातल्या मनात महिने मोजले. श्रावणातलीच होती. मला आनंद झाला, खरंच झाला. चीक हातात घेताना मी त्यांना विचारलं की ती उन्हात तर बांधलेली नाही ना. "नाही व बेटी, गोठ्यात हाय, वर ताट्या टाकल्या," ते म्हणाले. तेवढ्याने बरं वाटलं.

मागून मामाजी आले. त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं, आता तरी त्यांचा चेहरा पडेल. आता तरी हा माणूस भिंतीला का होईना, पण चुकलं म्हणेल.

मामाजींनी मांडीवर थाप मारली. "पाह्यलं काय! लोक काहीबाही बोलत होते विहिरीवर. आता बोला म्हना! आमच्या बापाच्या नावचा सांड हाय तो, रिकामा जाईन का?" त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी मला खरवस करायला सांगितला, पहिली वाटी स्वतः नेऊन सांडापुढे धरली, आणि त्याने ती चाटूनपुसून खाल्ली. ती गाय भाकड म्हणून आपण विकली, हे त्यांना आठवलंच नाही. माझ्या वाटणीचा खरवस मी यांच्या ताटात लोटला. हे हाव म्हणाले आणि खाल्ला.

"या तिथीले दुप्पट मिरवनूक," मामाजी वसरीतून ओरडले. "डफडेवाल्याले आजच सांगा. झूल काढा, ऊन दाखवा तिले!"

आत्याबाई चुलीपुढून उठल्याही नाहीत. "झूल नाही," त्या म्हणाल्या. "उंदरानं खाल्ली."

"सगळी?"

"सगळी."

मामाजींनी स्वतः पेटी उघडली. पेटीच्या तळाशी आरसे आणि गोंडे एका चिंधीत नीट गाठ मारून ठेवले होते. असे टापटिपीचे उंदीर मी त्यानंतर पाहिले नाहीत. मामाजींनी त्या गाठोड्याकडे बघितलं, मग आत्याबाईंकडे बघितलं, आणि पेटी बंद केली.

त्या वर्षी सांड बिनझुलीचा फिरला, तोही सकाळी, कारण दुपारपर्यंत पुरण आंबतं असं आत्याबाईंनी सांगितलं. मग दिवसभर तो आमच्या लिंबाखाली बसून होता. गावातल्या गायी त्या साली एका दाखवण्यात फळल्या. नाव अर्थातच आजेसासऱ्यांचं झालं.

थंडी पडली तेव्हा आत्याबाईंनी मला एक गोधडी दिली. वरून जुन्या लुगड्याची होती, पण हातात घेताच रग लागली, आणि एका कोपऱ्यात शिवण सुटली होती तिथून लाल मखमल दिसत होती. मी त्यांच्याकडे बघितलं.

"तुह्या गाईची समज," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

मला रडूही आलं आणि संतापही आला. एवढी कात्री एक वर्ष आधी चालवली असती तर! पण गोधडी मी घेतली. अजून आहे माझ्याकडे. दर हिवाळ्यात काढते, अंगावर घेते, आणि घटकाभरात पायाने बाजूला ढकलते. भर थंडीतसुद्धा इतकी उकडते, की पांघरवत नाही.